घराचं दर्शनी रूप बदलायचंय? भिंतीआधी जमिनीकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधला तीस वर्षांचा बंगला, तोंड पश्चिमेला. पुढची मोकळी जागा ३० फूट रुंद आणि १४ फूट खोल. काळी माती, त्यावर जुनी शहाबादी फरशी, तीही कुठे उचललेली तर कुठे खचलेली. पावसात पायरीशी पाणी साचतं. गाडी आत घेतली की गेट नीट लागत नाही. कंपाउंडच्या कोपऱ्यात फायकस, गेटच्या दोन्ही बाजूंना उंच सरळसोट अशोक आणि डावीकडे सासूबाईंचं तुळशी वृंदावन. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गुडघ्यांनी बेजार. डिसेंबरात मुलीचं लग्न. कंत्राटदाराने दर्शनी भिंतीला स्टोन क्लॅडिंग (वरून चिकटवलेल्या दगडी चिपा), पुढे लॉन आणि एक कारंजं असं मिळून अडीच लाखांचं कोटेशन दिलंय. करावं का?

करू नका, ताई. अडीच लाख खर्च जरूर करा, पण या तीन गोष्टींवर नको. तुमच्या घराची शोभा ज्याने बिघडली आहे त्यातली एकही गोष्ट भिंतीवर नाही. पाणी, फरशी, पायऱ्या, गेट ही सगळी दुखणी जमिनीवरची आहेत. उखडलेल्या फरशीमागे नवी दगडी भिंत उभी केली तर फरशी अजूनच उखडलेली दिसेल. अशा कामात निदान निम्मा पैसा जमिनीत आणि पायऱ्यांत जायला हवा असं माझं ठाम मत आहे. तो फोटोत दिसत नाही, म्हणून कोटेशनमध्येही येत नाही.

आधी फुकटचं काम करून घ्या. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभं राहून घराचा एक फोटो काढा आणि मोबाइलमध्ये तो कृष्णधवल करा. रंग गेले की नजर आपोआप पसाऱ्यावर जाते. वापरात नसलेली डिश, भिंतीवरून लोंबणाऱ्या केबलच्या तीन पिढ्या, फुटक्या कुंड्या, ग्रीलला बांधलेली दोरी, मीटर बॉक्सचं उघडं दार, 'नंतर कामाला येतील' म्हणून ठेवलेल्या टाइल्स. हे सगळं एका रविवारी निघतं. केबलवाल्याला बोलावून चालू वायरी एका पीव्हीसी पट्टीत घालून कोपऱ्यातून वर न्यायला सांगा. एवढं झालं की पुन्हा फोटो काढा. बऱ्याच घरांचं अर्धं काम इथेच झालेलं असतं आणि क्लॅडिंगचा विचार आपोआप मागे पडतो.

आता पाणी. पायरीशी पाणी साचतं याचा अर्थ अंगणाचा उतार घराकडे झालाय. तीस वर्षांत रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले, रस्ता उंचावला आणि तुमचं अंगण खाली राहिलं. जुन्या कॉलन्यांमध्ये घरोघरी हीच गोष्ट आहे. त्यामुळे सगळं पाणी रस्त्याकडे काढता येईल हे गृहीत धरू नका. कोणतंही काम सुरू करण्याआधी गवंड्याला पाण्याची नळी घेऊन लेव्हल काढायला लावा. जोत्याची कड, गेटची चौकट आणि रस्त्याची कड या तिन्हींची उंची कागदावर हवी. गेटजवळची लेव्हल घराजवळच्या लेव्हलपेक्षा खाली मिळत असेल तर दर चार फुटांना एक इंच असा उतार बाहेरच्या दिशेने द्या आणि गेटच्या आत, पूर्ण रुंदीभर, जाळीची चॅनेल घ्या. लेव्हल खाली मिळत नसेल तर उतार डाव्या बाजूच्या बागेकडे घेऊन तिथे शोषखड्डा करा.

शोषखड्ड्याबद्दल एक सावधगिरी. काळी माती एकदा भिजली की फुगून बंद होते, पाणी पीत नाही. खड्डा काळ्या मातीतच संपला तर तो भरून राहील आणि तुम्ही डास पाळाल. मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. तुमच्या भागात मुरूम किती खाली आहे हे शेजारच्या बांधकामावर चौकशी केली की कळेल. शिवाय गच्चीचा पाइप आत्ता अंगणात मोकळा सुटत असेल तर तो आधी वळवा. १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस झाला तरी ९०० लिटरच्या वर पाणी खाली येतं. एवढं पाणी पायरीच्या कोपऱ्यात ओतलं जात असेल तर वरून कोणतीही फरशी बसवा, ती खचणारच.

फरशी उचलली जाते ती याच मातीमुळे. काळी माती पावसात फुगते आणि मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर नुसती वाळू पसरून फरशी लावली की दोन पावसाळ्यांत फरशा वरखाली होणारच. जुनी फरशी काढल्यावर निदान एक फूट काळी माती उचला. तिच्या जागी मुरूम सहा-सहा इंचांच्या दोन थरांत भरून, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट करून घ्या. कंत्राटदार 'एकदम भरून टाकतो' म्हणेल. ऐकू नका, कारण एका दमात भरलेला मुरूम वरून घट्ट लागतो आणि आत पोकळ राहतो. चालायच्या भागात त्यावर बारीक खडीचा थर देऊन दगड बसवता येतो. गाडी जिथे उभी राहते तिथे मात्र चार इंच काँक्रीट हवंच.

दगड कोणता? तुमची जुनी शहाबादी फेकू नका. जाड असेल आणि कडा शाबूत असतील तर तीच उलटी करून, कडा कापून पुन्हा लावता येते. खालची बाजू खडबडीत असते, पाय घसरत नाही, आणि जुन्या दगडाला नव्यात न मिळणारा रंग असतो. कमी पडेल तिथे खडबडीत फिनिशचा कोटा घ्या. पॉलिश कोटा किंवा चकचकीत ग्रॅनाइट बाहेर अजिबात नको. पहिल्या सरीला त्यावरून कोण पडणार हे तुम्हाला माहीत आहे. पेव्हर ब्लॉक वाईट नाहीत, पण रंगीत पेव्हरची झिगझॅग नक्षी घराला पेट्रोल पंपाची कळा आणते. घ्यायचेच असतील तर एकाच रंगाचे, साधे करडे घ्या.

काळ्या मातीत अजून एक नियम पाळा. भिंतीला चिकटून झाडांचा वाफा करू नका. रोज पाणी घातलेला वाफा भिंतीला लागून असला की पायाखालची माती एकीकडे ओली आणि दुसरीकडे कोरडी राहते, भिंतीला तिरक्या भेगा जातात आणि आत ओल येते ती वेगळीच. जोत्यालगत दीड-दोन फुटांची फरसबंद पट्टी, बाहेर उतार असलेली, सोडा आणि वाफा तिच्या पुढे घ्या. वाफ्यातल्या मातीची पातळी जोत्याच्या पट्ट्यापेक्षा निदान सहा इंच खाली असायला हवी.

पायऱ्यांवर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सगळ्या कामात मला तेच महत्त्वाचं वाटतं. तुम्ही लिहिलंय की जोतं दोन फूट उंच आहे आणि पायऱ्या तीन आहेत. म्हणजे एक पायरी आठ इंचांची, आणि जुन्या कामात बहुधा शेवटची नऊची. गुडघेदुखीच्या माणसाला त्या शेवटच्या एका इंचाचीच धास्ती असते. चार समान पायऱ्या करा, सहा-सहा इंच उंच, पाय ठेवायला पूर्ण बारा इंच. रॅम्पचा विचार मनात असेल तर त्याचंही गणित करून बघू. चाकाच्या खुर्चीला चालेल असा उतार एकास बारा लागतो, म्हणजे दोन फुटांसाठी २४ फूट लांबी. तुमच्याकडे खोली १४ फूट आहे. आडवा, भिंतीला समांतर रॅम्प बसेल, पण तो सगळं अंगण खाईल. कंत्राटदार दहा फुटांत बसवून देतो म्हणाला तर तो घसरगुंडी बांधतोय एवढं ओळखा. आज गरज नसेल तर रॅम्प टाळा आणि पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना कठडा लावा. उंची ३४ इंचांच्या आसपास, मुठीत बसेल असा दीड इंची गोल पाइप. स्टेनलेस स्टील नको. पश्चिमेच्या उन्हात एप्रिलच्या चार वाजता त्याला हात लावून बघा म्हणजे कळेल. लोखंडी पाइपवर लाकडी माथा किंवा निदान दोरी गुंडाळलेली पकड बरी.

दारासमोर उभं राहायला जागा किती आहे? आपल्याकडे लाकडी दार आत उघडतं, पण जाळीचं सेफ्टी डोअर बाहेर उघडतं. वरचा चौथरा अडीच फुटांचा असला की दार उघडताना पाहुण्याला एक पायरी खाली उतरावं लागतं. हातात मिठाई, बरोबर लहान मूल, आणि दार अंगावर येतंय असं दृश्य प्रत्येक सणाला घडतं. चौथरा निदान चार फूट खोल करा. चार पायऱ्या आणि चौथरा मिळून सात फूट जातील. १४ फुटांत ते बसतं. चौथऱ्याच्या एका कडेला बसायला सोळा-सतरा इंच उंच कट्टा बांधा, त्यावर कडप्पा टाका. सासूबाईंना चपला घालायला तिथे बसता येईल आणि कट्ट्याखाली चपलांचा कप्पा होईल. दारातला चपलांचा ढीग हा दर्शनी रूपाचा सगळ्यात मोठा शत्रू आहे आणि कुठलंही क्लॅडिंग त्याला झाकत नाही.

दार पश्चिमेला असल्यामुळे त्याला दुपारचं ऊन आणि पावसाची झड दोन्ही लागतात. नैऋत्येकडून येणारा पाऊस थेट दारावर आपटतो. सागवानी दाराची कळा गेली असेल तर नवीन दार घेऊ नका. पॉलिश पेपरने खरडून जुना थर उतरवा आणि बाहेरच्या वापराचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश किंवा उकळलेलं जवसाचं तेल लावा. मेलामाइन पॉलिश घरातल्या फर्निचरसाठी आहे, बाहेर ते पापुद्रे सोडतं. मग दारावर अडीच-तीन फूट पुढे येणारा छज्जा करा. मंगलोरी कौलांचा छोटा उतरता छज्जा जुन्या बंगल्याला फार शोभतो. लोखंडी ब्रॅकेटवर तो हलका राहतो आणि दाराचं आयुष्य वाढवतो.

गेटचं दुखणं मोजमापाचं आहे. चार मीटरच्या आतली गाडी म्हणजे साधारण तेरा फूट. तुमची खोली १४. आत उघडणारं गेट त्यात मावणारच नाही. बाहेर उघडणारं गेट रस्त्यावर येतं, ते नको. उजवीकडे दहा फुटांचं सरकतं गेट करा, ते डावीकडच्या कंपाउंडमागे सरकेल. माणसांसाठी साडेतीन फुटांचं वेगळं छोटं फाटक पायऱ्यांच्या बरोबर समोर ठेवा, आणि सरकतं गेट तिथपर्यंतच सरकेल अशी आखणी आधी कागदावर करून घ्या. आत्ता लोक गाडीला वळसा घालून दारापर्यंत येत असतील. फाटकापासून दारापर्यंत सरळ, पाच फूट रुंद वाट मिळाली की घर लगेच प्रशस्त वाटतं. गेट नवीन करताना खालच्या चौकोनी पाइपला बारीक भोकं पाडायला सांगा. गेट नेहमी खालून गंजतं, कारण पाइपात शिरलेलं पाणी आतच राहतं. गाडीखाली सलग फरशीऐवजी चाकांपुरत्या दोन-दोन फुटांच्या काँक्रीट पट्ट्या आणि मध्ये खडी चालेल. मधोमध दुर्वा लावायचा सल्ला कोणी देईल, पण गाडीच्या सावलीत आणि तेलाच्या थेंबांत त्या जगत नाहीत.

झाडांकडे येऊ. फायकस पाण्याच्या टाकीजवळ आणि कंपाउंडला लागून आहे. त्याची मुळं पाइपच्या सांध्यांत शिरतात आणि भिंत उचलतात, आणि हे वयाबरोबर वाढतच जाणार. ते काढावं असं मला वाटतं. पण झाड तुमच्या आवारात असलं तरी महाराष्ट्रात १९७५ च्या झाडांचं संरक्षण व जतन अधिनियमाखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्जाबरोबर भिंतीच्या भेगांचे आणि मुळांचे फोटो जोडा. परवानगीत बदली झाडं लावायची अट येते. माळ्याला 'रात्रीतून उडवून टाक' सांगू नका. लग्नघरात नोटीस नको. परवानगीला वेळ लागतो, म्हणून अर्ज आजच करा. अशोक मात्र राहू द्या. खरं तर हा आपला सीतेचा अशोक नव्हे, सावलीही देत नाही. पण धूळ धरतो, गेटला चौकट देतो आणि तुम्हाला त्रास काहीच देत नाही.

फायकसच्या जागी काय? पश्चिमेच्या घराला खरी गरज सावलीची आहे. एप्रिलमध्ये दुपारी तीन ते सहा तुमची पुढची खोली तापत असणार. १४ फुटांच्या अंगणात मोठं झाड बसत नाही. तामण महाराष्ट्राचं राज्यफूल, फुलला की बघत राहावं, पण त्याला रस्त्याकडेची ऐसपैस जागा हवी. बहाव्याचंही तेच. गुलमोहर तर घराजवळ नकोच, वादळात त्याच्या फांद्या सुरीने कापल्यासारख्या तुटून खाली येतात. तुमच्यासाठी मी देवचाफा सुचवेन. बारा-पंधरा फुटांवर थांबतो, मुळं पायाला धोका देत नाहीत, पाणी कमी लागतं, हिवाळ्यात पानं गाळून ऊन आत येऊ देतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा भरतो. त्याच्या दोन अडचणी आहेत. पावसाळ्यात पानांवर तांबेरा येतो, तेव्हा खाली गळलेली पानं रोज उचलून टाकावी लागतात. आणि त्याला मुळाशी साचलेलं पाणी चालत नाही. तुमच्या मातीत तो सपाट खड्ड्यात लावलात तर ऑगस्टमध्ये खोड मऊ पडेल. फूट-दीड फूट उंचवटा करून, मुरूम मिसळलेल्या मातीत लावा. चमच्यासारख्या पानांचा जो पांढरा चाफा हल्ली सगळ्या सोसायट्यांत दिसतो तो बारमाही फुलतो, पण त्याला वास जवळपास नसतो. मला विचाराल तर वासाशिवायचा चाफा कशाला लावायचा?

पारिजातकाची हौस असेल तर तो वाटेच्या कडेला लावा. पहाटेचा सडा दगडावर पडला पाहिजे, गाडीच्या बॉनेटवर नाही. सोनचाफा कलमाचा घेतला तर लवकर फुलतो, पण त्याला पंचवीस-तीस फुटांची उंची आणि निचऱ्याची जमीन लागते. तुमच्याकडे दोन्ही बेताचंच आहे. सप्तपर्णी नर्सरीवाला आग्रहाने देईल, कारण ती भराभर वाढते. दिवाळीच्या आसपास रात्री तिचा उग्र वास बेडरूममध्ये येतो आणि अनेकांना सोसत नाही. कोनोकार्पसची हिरवीगार भिंत दाखवतील, तिच्यापासून लांब राहा. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

बाकी वाफ्यात थोड्या जाती, पण प्रत्येकीची भरपूर झाडं असं ठेवा. नर्सरीतून वीस प्रकारची एकेक रोपं आणली की बाग रोपवाटिकेसारखीच दिसते. तुमच्या डाव्या पट्ट्यात मागे कुंतीचं कुंपण, कमरेएवढं छाटलेलं. त्यापुढे तगर आणि अनंत, एकाआड एक नव्हे तर गटागटाने. अगदी पुढे अबोली आणि पाऊस लिली. लिली पहिल्या पावसानंतर एकदम उमलते, एरवी गवतासारखी गुमान असते. दाराच्या बाजूला मोगऱ्याच्या दोन मोठ्या कुंड्या. पश्चिमेचं ऊन त्याला मानवतं, आणि फुलांचा बहर ओसरल्यावर छाटणी करत राहिलात तर तो झुडूपच राहील. छज्जाच्या एका ब्रॅकेटवर जाई किंवा मधुमालती चढवा, दोन्ही नकोत. बोगनवेल कंपाउंडवर छान, पण फाटकाजवळ तिचे काटे कुरिअरवाल्याच्या हाताला लागतात. दारालगत दाट झुडपं आणि पालापाचोळा ठेवू नका. मोकळ्या प्लॉटशेजारच्या घरांना साप ही काल्पनिक भीती नाही. झुडपांखालची हातभर जागा साफ आणि दिसेल अशी ठेवा.

वृंदावन हलवू नका. ते सासूबाईंचं आहे आणि जागाही योग्य आहे. फक्त वाटेवरून तिथपर्यंत जायला दोन सपाट दगड टाका आणि चौथरा अडीच-तीन फूट उंच करा, म्हणजे निरांजन ठेवायला वाकावं लागणार नाही. संध्याकाळी रस्त्यावरून घराकडे बघणाऱ्याच्या नजरेला तो दिवा सगळ्यात आधी पडतो. कारंज्याचं काम तो फुकटात करतो.

कारंजं तसंही नको. पंप बंद पडला की ते साचलेलं स्वच्छ पाणी होतं, आणि डेंग्यूच्या डासाला नेमकं तेच हवं असतं. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. पक्ष्यांसाठी मातीची उथळ परात ठेवा आणि रोज पाणी बदला. लॉनचंही तसंच. तुमच्याकडे जास्तीत जास्त १५०-२०० चौरस फूट गवत बसेल, त्याला उन्हाळ्यात रोज ऐंशी-शंभर लिटर पाणी, दर पंधरा दिवसांनी कापणी, आणि काळ्या मातीतला लव्हाळा कायमचा पाहुणा. त्यावर कोणी बसणार नाही, कारण गेट रस्त्यावर आहे. जिथे मुलं लोळतात तिथे लॉन करावं. इथे ते फक्त काम वाढवेल.

क्लॅडिंगला माझा विरोध सौंदर्याचा नाही. दगड सुंदरच असतो. पण अर्ध्या इंचाच्या दगडी चिपा जुन्या प्लॅस्टरवर चिकटवायच्या म्हणजे त्यांचं सगळं वजन त्या प्लॅस्टरच्या भरवशावर. तुमची भिंत मातीमुळे थोडी हलते, झडीचं पाणी चिपांमागे शिरतं, पांढरे क्षार बाहेर येतात आणि मग एखादी चीप निसटते. दारावरची निसटली तर खाली कोण असेल सांगता येत नाही. दगड हवाच असेल तर फाटकाच्या एका खांबाला काळा पाषाण बांधून घ्या, चिकटवून नव्हे. भिंतीला भेगा भरून बाहेरचा चांगला ॲक्रिलिक रंग द्या. मोतिया किंवा फिकट मातकट, आणि जमिनीपासून दीड फूट गडद करडा पट्टा. पावसाचे शिंतोडे त्याच उंचीपर्यंत उडतात आणि पांढऱ्या भिंतीचा खालचा भाग पहिल्याच पावसाळ्यात लाल-काळा करतात. नावाची पाटी संगमरवरी जाळीत कोरलेली नको. साधी, गडद पाटीवर फिकट अक्षरं, निदान तीन इंच उंचीची, आणि घराचा नंबर त्याहून मोठा. रात्री पत्ता शोधणाऱ्याला गाडीत बसून वाचता आला पाहिजे.

दिवे थोडेच, पण योग्य जागी. पिवळसर प्रकाश, २,७०० ते ३,००० केल्विनचा, त्याला किडेही पांढऱ्या दिव्यापेक्षा कमी येतात. पायऱ्यांवर प्रकाश पडला पाहिजे, येणाऱ्याच्या डोळ्यांत नव्हे. बागेतले दिवे आयपी ६५ दर्जाचे (धूळ-पाणी आत न शिरणारे) घ्या, वायर पाइपातून न्या आणि बाहेरच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. इथे पैसे वाचवू नका. आणि वायरिंग उघडंच आहे तर छज्जाखाली आकाशकंदिलासाठी एक हूक आणि त्याला लागून प्लग घ्या, खिडकीतून वायर ओढायची कटकट संपते. दाराच्या उजवीकडे कठड्याला दोन लोखंडी कड्या वरखाली बसवा, गुढीची काठी त्यात बसेल. चौथऱ्यावर दाराच्या समोर, पण पाय पडण्याच्या रेषेच्या थोडं बाजूला, तीन फूट चौरस मॅट काळा कडप्पा एकसंध टाका. रांगोळी सांध्यांच्या फरशीवर कधीच नीट येत नाही.

आता वेळ. फरशी, पायऱ्या, गेट आणि शोषखड्डा पावसाआधी उरकलंच पाहिजे. झाडांचे खड्डे मेमध्येच खणून उन्हात तापू द्या आणि जून संपता संपता, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर रोपं लावा. मुळं धरायला त्यांना चार-पाच महिने मिळतील. रंगाची घाई करू नका. दसऱ्याला सगळ्यांनाच रंगारी हवा असतो, आणि भिंती तोवर आतून ओल्या असतात. पाऊस संपल्यावर भिंत पूर्ण वाळू द्या, नोव्हेंबरात रंग द्या. यंदाच्या दिवाळीला जुन्याच रंगावर कंदील लावा, काही बिघडत नाही. मोगऱ्याच्या दोन कुंड्या सोडल्या तर सगळ्या बागेला ठिबकची एक सोळा मिलिमीटरची नळी पुरते. लग्नाच्या गडबडीत झाडांना पाणी घालायची आठवण कोणाला राहत नाही, म्हणून ही नळी टायमरवर लावा.

पैशांची वाटणी मी अशी करेन. साधारण सव्वा लाख पाण्याचा निचरा, मुरूम, फरशी आणि पायऱ्यांना. गेट आणि फाटकाला पन्नास-साठ हजार. छज्जा आणि दाराच्या पॉलिशला पुढचा वाटा. रंग, दिवे, झाडं उरलेल्यात. हातचं पंधरा-वीस हजार बाजूला ठेवा, कारण जुनी फरशी उचलली की खाली काय निघेल ते गवंड्यालाही माहीत नसतं. पैसे कमी पडले तर रंग पुढे ढकला, मुरूम नाही.

एक शेवटचं, लग्नघर आहे म्हणून. मुहूर्तमेढ रोवायला जमीन लागते. सगळं अंगण फरसबंद केल्यावर ऐनवेळी पहारीने नवी फरशी फोडलेली घरं मी पाहिली आहेत. फाटकाच्या आत उजव्या हाताला दीड फूट चौरस जागा मातीचीच ठेवा, वर सैल दगड झाका. मांडवाच्या खांबांसाठी चार कोपऱ्यांत काँक्रीट ओततानाच फूटभर खोल पाइपचे तुकडे उभे गाडा आणि वर झाकणं लावा. तीन इंची पाइप पुरेल, पण मांडववाल्याचे बांबू केवढे जाड असतात ते आधी विचारून घ्या.